गळ्याशी निळा की लाल?

फ्रान्समध्ये पुलाचं उद्घाटन असो, शाळेचा समारंभ असो की हुतात्मा स्मारकावरचा कार्यक्रम, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे तिरंगी पट्टा घातलेली दोन-तीन माणसं तिथं हमखास दिसतात. लांबून सगळे पट्टे सारखेच. जवळ गेलं की फरक कळतो. गावच्या मेयरच्या पट्ट्यात निळा रंग गळ्याच्या बाजूला असतो आणि टोकांना सोनेरी गोंडे. उपमेयरचा पट्टा तसाच, पण गोंडे रुपेरी. खासदाराच्या पट्ट्यात मात्र गळ्याशी लाल. म्हणजे पट्टा नुसता उलटा फिरवला तरी माणूस नगरपालिकेतून संसदेत पोचतो!

दीडेकशे वर्षं फ्रेंच पुढाऱ्याच्या कपाटात हे दोन्ही पट्टे शेजारी शेजारी टांगलेले असत. सकाळी नगरपालिकेत लग्न लावायचं (तिथं कायदेशीर लग्न मेयर किंवा त्याचा उपमेयर लावतो) आणि दुसऱ्या दिवशी पॅरिसला जाऊन अर्थसंकल्पावर मत द्यायचं. त्यांच्या भाषेत यासाठी 'देप्युते-मेर', म्हणजे खासदार-मेयर, असा जोडशब्दच रूढ झाला होता. 2017 पासून कायद्यानं या दोहोंपैकी एकच पट्टा ठेवता येतो. स्थानिक सभागृहातून संसदेत जाण्याची वाट त्यामुळे बंद झाली नाही. पण वर जाताना खालचं घर सोडावं लागतं, आणि तिथंच सगळा गुंता आहे.

आधी शब्दाचं पाहू. आपल्याकडे सरपंच वेगळा, नगराध्यक्ष वेगळा, महापौर वेगळा. फ्रेंचांकडे साठ माणसांच्या वाडीचा आणि वीस लाखांच्या पॅरिसचा प्रमुख एकाच शब्दानं ओळखला जातो, म्हणून मीही इथं सगळ्यांना मेयरच म्हणतो. या गाव-शहरांना कम्यून म्हणतात आणि त्यांची संख्या 35,000 च्या आसपास आहे. निम्म्याहून अधिक कम्यूनमध्ये पाचशेही माणसं राहत नाहीत. शंभरापेक्षा कमी वस्तीच्या कम्यूनला 7 सदस्य, पॅरिसला 163. सगळ्यांची बेरीज पाच लाखांच्या घरात जाते. देशाची लोकसंख्या पावणेसात-सात कोटी, म्हणजे दर एकशेतीस-चाळीस माणसांमागे एक लोकप्रतिनिधी. त्यांच्यावर जिल्हा आणि प्रांतिक परिषदा, आणि सगळ्यांत वर नॅशनल असेंब्लीचे 577 खासदार आणि सेनेटचे 348 सदस्य. पाया इतका रुंद आणि टोक इतकं निमुळतं, की मधल्या प्रत्येक पायरीवर गर्दी होणारच.

पहिली पायरी कशी असते ते खेड्यात पाहावं. 2020 पर्यंत हजाराच्या आतल्या गावांत मतदाराला छापील यादीतली नको ती नावं पेननं खोडता येत आणि हवी ती नावं लिहिता येत. कोणाच्या गाईनं कोणाचं शेत तुडवलं, कोणाच्या भिंतीनं कोणाचा उजेड अडवला, याचा सहा वर्षांचा हिशेब त्या कागदावर एकदाच चुकता होई. मतमोजणीला बसलेल्यांना खोडलेल्या रेघांवरून गावाची नाडी कळायची. 2025 च्या कायद्यानं ही सोय गेली. आता लहान गावातही पूर्ण यादीलाच मत द्यावं लागतं आणि यादीत एकाआड एक स्त्री-पुरुष असावे लागतात. सुधारणा चांगली आहे, पण ती खोडाखोड संपल्याचं मला थोडं वाईट वाटतं. मेयरला जनता थेट निवडत नाही. नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीत सर्वांत वयस्कर सदस्य अध्यक्षस्थानी बसतो आणि गुप्त मतदानानं मेयर ठरतो. बहुतेक शहरांत जिंकणाऱ्या यादीला आधी निम्म्या जागा मिळतात आणि उरलेल्या निम्म्यांत पुन्हा मतांच्या प्रमाणात वाटा मिळतो. त्यामुळे तिथल्या मेयरला विरोधकांची फारशी फिकीर नसते. सहा वर्षं तो आपल्या शहराचा राजा.

मग राजाला पॅरिसच्या चाकरीची हौस का?

कारण राजाच्या हातात राज्य नव्हतं. 1800 मध्ये नेपोलियननं प्रत्येक जिल्ह्यात प्रिफेक्ट नेमला. हा अधिकारी आपल्या कलेक्टरचा चुलतभाऊ समजावा, फक्त त्याहून वजनदार. 1884 च्या कायद्यानं कम्यूनना स्वतःचा कारभार मिळाला, तरी ठरावांवर प्रिफेक्टचा हात राहिलाच. अनेक निर्णय त्याच्या आगाऊ मंजुरीशिवाय हलत नसत, आणि ही देखरेख 1982 पर्यंत चालली. गावाला पूल हवा असेल तर मेयर प्रिफेक्टला लिहिणार, प्रिफेक्ट मंत्रालयाला, आणि फाइल पॅरिसच्या एखाद्या कपाटात झोपणार. मेयर स्वतः खासदार असेल तर तो संसदेच्या व्हरांड्यात मंत्र्याला गाठून कोपऱ्यात घेणार. मग प्रिफेक्टही त्याला जपून वागवणार, कारण आज समोर बसलेला मेयर उद्या आपल्या बदलीबद्दल कोणाशी बोलेल सांगता येत नाही. समाजशास्त्रज्ञ पिएर ग्रेमियों यांनी 1976 च्या त्यांच्या पुस्तकात प्रिफेक्ट आणि स्थानिक पुढारी यांची ही मिलीभगत नीट उलगडून दाखवली आहे. वरवर साहेब आणि अर्जदार, आतून दोघांना एकमेकांची गरज. दोन पट्ट्यांची हाव हे एकट्या माणसाच्या लोभाचं प्रकरण नव्हतं. एकवटलेल्या राज्ययंत्रणेत शिरायला गावांनी पाडलेली ती फट होती.

तिसऱ्या प्रजासत्ताकानं या मेयरांना डोक्यावर घेतलं. 22 सप्टेंबर 1900 रोजी, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वर्षी, राष्ट्राध्यक्ष एमिल लुबे यांनी देशभरातल्या मेयरांना तुइलरी बागेत जेवायला बोलावलं. वीस हजारांहून जास्त मेयर आले. टेबलांच्या रांगा कित्येक किलोमीटर लांब होत्या, आणि वाढप्यांवर देखरेख करणारे सायकलीवरून आणि एका मोटारीतून फिरत होते. शेताच्या बांधावरून आलेला, कडक कॉलर टोचणारा माणूस त्या दिवशी प्रजासत्ताकाचा पाहुणा होता. त्याआधी पंचवीस वर्षं प्रजासत्ताकवादी पुढारी गांबेत्ता यांनी नव्या सेनेटला फ्रान्सच्या कम्यूनांची महासभा म्हटलं होतं. ते आजही खोटं नाही. सेनेटर निवडणारे साधारण 1,62,000 मतदार आहेत आणि त्यातले शेकडा पंचाण्णव कम्यूनच्या सभागृहांचे प्रतिनिधी. हे मतदान सक्तीचं आहे, विनाकारण गैरहजर राहिलं तर शंभर युरो दंड. ज्याला सेनेटमध्ये जायचंय त्यानं टीव्हीवर झळकून उपयोग नाही. त्याला जिल्ह्यातल्या शेकडो मेयरांच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यावी लागते.

जाता जाता आपल्याजवळचं. पाँडिचेरी, कारैकल, माहे, यानम आणि चंद्रनगर या फ्रेंच वसाहतींनाही 1880 च्या सुमाराला नगरपालिका मिळाल्या, आणि तिसऱ्या प्रजासत्ताकात 'फ्रेंच इंडिया'चा एक खासदार आणि एक सेनेटर पॅरिसच्या सभागृहात असे. ब्रिटिश हिंदुस्थानात पहिली काँग्रेस भरायच्या आधीची ही गोष्ट. त्या निवडणुका किती स्वच्छ होत्या हा वेगळा विषय, आणि तो फारसा गौरवाचा नाही.

विसाव्या शतकात दोन पट्ट्यांवाल्यांची बडी घराणीच उभी राहिली. घराणी म्हणजे रक्ताची नव्हेत, खुर्चीची. एदुआर एरियो 1905 मध्ये लियोंचे मेयर झाले आणि युद्धकाळ सोडला तर 1957 मध्ये मरेपर्यंत मेयरच राहिले. मधल्या काळात ते तीनदा पंतप्रधान झाले. बोर्दोमध्ये जाक शाबाँ-देल्मास 1947 ते 1995, पुरी अठ्ठेचाळीस वर्षं मेयर होते. त्यात पंतप्रधानपदही आलं आणि नॅशनल असेंब्लीचं अध्यक्षपदही. मार्सेयचे गास्तों देफेर 1953 पासून 1986 मध्ये मरेपर्यंत. देफेर हे खरोखर अवलिया. 1967 मध्ये भर सभागृहात त्यांनी एका सहकारी खासदाराला मूर्ख म्हटलं, माफी मागायला नकार दिला आणि दोघे तलवारी घेऊन एका बंगल्याच्या बागेत उतरले. फ्रान्समधलं ते शेवटचं गाजलेलं द्वंद्व. प्रतिस्पर्ध्याला दोनदा जखम झाली आणि देफेर जिंकले. याच देफेर यांनी 1982 मध्ये गृहमंत्री म्हणून विकेंद्रीकरणाचा कायदा आणला, प्रिफेक्टची आगाऊ मंजुरी काढून टाकली, आणि जिल्हा परिषदेचा कारभार प्रिफेक्टकडून तिच्या निवडून आलेल्या अध्यक्षाकडे दिला. आयुष्यभर मार्सेयच्या खुर्चीतून पॅरिसशी झगडलेल्या माणसानं ते करावं यात नवल नाही. मात्र खालच्या पदांवर सत्ता आली तसा ती पदं सोडण्याचा मोहही कमी झाला. 1985 मध्ये एका माणसानं जास्तीत जास्त दोनच मोठी पदं भूषवावीत अशी मर्यादा घालावी लागली. त्याआधी मेयर, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, प्रांतिक परिषदेचा सदस्य, खासदार आणि वर युरोपियन संसदेतलीही जागा, अशी जंत्री एकाच माणसाच्या व्हिजिटिंग कार्डावर सापडे.

आता वाटांकडे वळू. खालून वर जाणं ही फक्त एक वाट आहे, आणि ती सर्वांत लांबची.

जाँ लासाल यांचं उदाहरण घ्या. पिरेनीज पर्वतातल्या आस्प खोऱ्यातलं लुर्दियोस-इशेर हे त्यांचं गाव, वस्ती दीडेकशे. घर मेंढपाळाचं. 1977 मध्ये एकविसाव्या वर्षी ते गावचे मेयर झाले. 1982 मध्ये जिल्हा परिषदेवर गेले. संसदेत पोचायला मात्र 2002 उजाडलं, म्हणजे पहिल्या पट्ट्यानंतर पंचवीस वर्षं. पोचल्यावर त्यांनी सभागृहाला आपल्या खोऱ्याची ओळख करून दिली ती गाऊन. 2003 मध्ये गृहमंत्री निकोला सार्कोझी उत्तर देत असताना लासाल उभे राहिले आणि आपल्या भागातल्या पोलीस ठाण्याचा प्रश्न मांडण्यासाठी खड्या आवाजात प्रादेशिक भाषेतलं गाणं म्हणू लागले. कोट-टायवाल्या त्या अर्धवर्तुळात मेंढपाळाचा आवाज घुमला तेव्हा काहींनी हसून घेतलं, काहींनी कपाळाला हात लावला. 2006 मध्ये खोऱ्यातला कारखाना आपलं काम दुसरीकडे हलवील या भीतीनं त्यांनी संसदेतच उपोषण मांडलं. ते एकोणचाळीस दिवस चाललं. वजन वीस किलोंनी उतरलं, शेवटी राष्ट्राध्यक्षांपासून जपानी मालकांपर्यंत सगळ्यांना लक्ष घालावं लागलं आणि कारखाना खोऱ्यातच राहील असं आश्वासन मिळालं. अर्थतज्ज्ञ म्हणाले, दीडशे नोकऱ्यांसाठी संसदेत ब्लॅकमेल चालत नाही. मला त्यांचं म्हणणं तत्त्वतः पटतं. पण खोऱ्यातल्या माणसाला विचारलं तर खासदार कशाला असतो याचं उत्तर त्याच्याकडे त्या एकोणचाळीस दिवसांत होतं. 2017 मध्ये नव्या कायद्यामुळे लासाल यांना चाळीस वर्षांचं मेयरपद सोडावं लागलं. 2022 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहून त्यांनी 3.13 टक्के मतं मिळवली, म्हणजे समाजवादी पक्षाच्या अधिकृत उमेदवारापेक्षा जास्त.

दुसरी वाट पॅराशूटची. फ्रेंच राजकारणात बाहेरून आणून उतरवलेल्या उमेदवाराला 'पाराश्युते' म्हणतात, आणि ही शिवी असली तरी निम्म्या बड्या पुढाऱ्यांची सुरुवात तिथूनच झाली आहे. मध्य फ्रान्समधला कोरेझ हा डोंगराळ, गाईगुरांचा जिल्हा. वस्ती अडीच लाखांहून कमी. जाक शिराक जन्मानं पॅरिसचे, शिक्षणानं उच्च प्रशासकीय प्रबोधिनीचे, नोकरीनं पंतप्रधान पोंपिदू यांच्या कचेरीतले. पण आजी-आजोबांचं गाव कोरेझमधलं सँत-फेरेओल. 1965 मध्ये ते तिथं साधे कम्यून-सदस्य झाले आणि 1967 मध्ये डाव्यांचा गड समजल्या जाणाऱ्या युसेलमधून खासदार. मधल्या दोन वर्षांत त्यांनी वाडी न् वाडी पालथी घातली. शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून खाणं, हाताला हात देणं आणि गाईच्या पाठीवर थाप मारणं यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढे ते जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झाले, 1974 मध्ये पंतप्रधान, आणि 1977 मध्ये पॅरिसचे मेयर. पॅरिसला तोवर शंभराहून अधिक वर्षं मेयरच नव्हता. 1871 च्या कम्यून-उठावानंतर सरकारनं राजधानीला स्वतःचा पुढारी देण्याचा धोका पत्करला नव्हता. ती भीती रास्त होती म्हणायची, कारण शिराक यांनी त्याच नगरपालिकेच्या इमारतीतून अठरा वर्षं राष्ट्राध्यक्षपदाची मोर्चेबांधणी केली.

1981 मध्ये समाजवादी पक्षानं शिराक यांच्याविरुद्ध एक सव्वीस वर्षांचा तरुण उभा केला. नाव फ्रांस्वा ओलांद, तोही प्रबोधिनीचा आणि जिल्ह्याशी काडीचा संबंध नसलेला. अपेक्षेप्रमाणे तो पहिल्याच फेरीत पडला. पण तो कोरेझ सोडून गेला नाही. 1983 मध्ये युसेलचा नगरसदस्य, 1988 मध्ये त्युल भागाचा खासदार, 1993 मध्ये पराभव, 1997 मध्ये पुन्हा विजय, 2001 मध्ये त्युलचा मेयर, 2008 मध्ये जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, 2012 मध्ये राष्ट्राध्यक्ष. आणि 2024 मध्ये, सत्तरी जवळ आलेली असताना, त्याच त्युलमधून पुन्हा साधा खासदार. फ्रेंच कारकीर्दीची शिडी दाखवायला याहून सोयीचं चित्र सापडणार नाही. फक्त तिची पहिली पायरी पॅरिसमध्ये टेकलेली होती, एवढं ध्यानात ठेवावं.

फ्रांस्वा मितराँ यांनी तर उलटं केलं. 1946 मध्येच ते निएव्र जिल्ह्यातून खासदार झाले, मंत्रीही झाले. 1958 मध्ये खासदारकी गेली तेव्हा त्यांना कळलं की पायाखाली जमीन लागते. 1959 मध्ये ते शातो-शिनों नावाच्या लहानशा गावचे मेयर झाले आणि 1981 पर्यंत राहिले. राष्ट्राध्यक्ष झाल्याची बातमी त्यांनी त्या मे महिन्याच्या संध्याकाळी त्याच गावातल्या एका हॉटेलात ऐकली, बाहेर पाऊस पडत होता. म्हणजे मेयरपद वर चढण्यासाठीच असतं असं नाही, पडल्यावर अंग टेकायलाही असतं.

तिसरी वाट आजकाल सर्वाधिक वाहती आणि सर्वांत कंटाळवाणी आहे. महाविद्यालयात पक्षाची युवा शाखा, मग खासदाराचा सचिव, मग त्याच्याच शहरात यादीत एक जागा, मग त्याची खुर्ची. खासदारकीच्या मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाखाली पर्यायी उमेदवाराचंही नाव असतं. मूळ खासदार मंत्री झाला की तो पर्यायी माणूस सभागृहात बसतो. बऱ्याच कारकिर्दी अशा दुसऱ्याच्या नावाखालच्या बारीक अक्षरांतून सुरू झाल्या आहेत.

दोन पट्ट्यांची काळी बाजू मात्र दडवण्यासारखी नव्हती. संसदेत मंगळवारी-बुधवारी प्रश्नोत्तरं, आणि गुरुवारी दुपारी खासदारांना फुकट असलेल्या पहिल्या वर्गाच्या पासवर गाडी पकडून गावाकडे पळापळ. रात्रीच्या चर्चेला सभागृहात बोटांवर मोजण्याइतकी माणसं. त्यात शहराचा पैसा आणि पक्षाचं काम एकमेकांत मिसळलं की काय होतं ते पॅरिसनं दाखवलं. शहराच्या पगारपत्रकावर नाव आणि काम पक्षाचं, अशा नोकऱ्यांच्या प्रकरणात डिसेंबर 2011 मध्ये न्यायालयानं माजी राष्ट्राध्यक्ष शिराक यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षा ठोठावली. शिवाय प्रत्येक खासदाराला आपल्या मर्जीनं वाटायला एक निधी मिळे, वर्षाला सव्वा लाख युरोंच्या आसपास. आमदार निधीवर चर्चा करणाऱ्या मराठी वाचकाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. तो निधी 2017 मध्ये बंद झाला.

2012 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या ओलांद यांनी माजी पंतप्रधान लिओनेल जोस्पाँ यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. तेव्हा पाचातले चार खासदार आणि जवळजवळ तितकेच सेनेटर दुसरं एखादं स्थानिक पद सांभाळून होते. ज्याची सगळी कारकीर्द या जोडपदांवर उभी राहिली त्यानंच ती मोडीत काढली, हे लक्षात घेण्यासारखं आहे. 14 फेब्रुवारी 2014 चा कायदा सांगतो की खासदाराला किंवा सेनेटरला मेयर, उपमेयर, जिल्हा किंवा प्रांतिक परिषदेचा अध्यक्ष-उपाध्यक्ष होता येणार नाही. साधं सदस्यत्व चालेल, तेही एकच. सेनेटनं विरोधात मत दिलं, साहजिकच, पण अंतिम शब्द कनिष्ठ सभागृहाचा. अंमलबजावणी 2017 पासून.

आणि योगायोग असा की त्याच वर्षी एक असा राष्ट्राध्यक्ष आला ज्यानं आयुष्यात कुठलीच निवडणूक लढवली नव्हती. द गॉल यांच्यानंतरचे सगळे स्थानिक सभागृहात बसलेले होते. पोंपिदू काजार्क नावाच्या गावचे सदस्य, जिस्कार शामालिएरचे मेयर, सार्कोझी तर अठ्ठाविसाव्या वर्षी नेइचे मेयर. इमान्युएल मॅक्रॉन मात्र कुठल्याही गावचे कोणी नव्हते. त्यांच्या लाटेत आलेल्या नॅशनल असेंब्लीत जवळजवळ तीन चतुर्थांश खासदार नवे होते. डॉक्टर, उद्योजक, शिक्षक, बरीच चांगली माणसं. 2012 मध्ये 155 महिला खासदार होत्या, 2017 मध्ये 224 झाल्या. वर्षानुवर्षं अडवलेल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या त्याचा हा सरळ फायदा, आणि तो लहान नाही. (मेयरपदावर मात्र 2020 च्या निवडणुकीनंतरही पाचात एकच बाई होती. यादीत समानता सक्तीची, खुर्चीवर नाही.) पण लवकरच या नव्यांसाठी एक शब्द रूढ झाला: 'ओर-सोल'. मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर वाढवलेल्या टोमॅटोसाठी वापरतात तो. दिसायला लाल, चवीला काही नाही.

नोव्हेंबर 2018 मध्ये पिवळी जॅकेटं घातलेली माणसं चौकाचौकांत उतरली तेव्हा हा शब्द किती बोचरा आहे ते कळलं. डिझेलच्या करावरून पेटलेल्या त्या रागाची चाहूल संसदेतल्या बहुमताला लागली नव्हती. गावोगावच्या मेयरांनी नगरपालिकेत तक्रारींच्या वह्या उघडून ठेवल्या, आणि लोक रांगेत उभे राहून त्यांत लिहू लागले. जानेवारी 2019 मध्ये मॅक्रॉन नॉर्मंडीतल्या एका लहान गावात गेले आणि सहाशेच्या आसपास मेयरांसमोर जवळजवळ सात तास उभे राहिले, कोट काढून, बाह्या सरसावून. आयुष्यात कधी नगरसदस्य न झालेल्या माणसाची ती उशिरानं झालेली शाळा होती.

तरीही कायदा चुकला असं मी म्हणणार नाही. तो ज्या रोगावर काढला त्या रोगाची पुरती चिकित्सा झाली नाही, एवढंच. पॅरिसला गेल्याशिवाय गावचं काम होत नाही म्हणून मेयर खासदार होत होते. मेयरला पॅरिसला जायला बंदी झाली, पण पॅरिसच्या हातातली सूत्रं तिथंच राहिली. उलट कम्यूनना घरटी कर लावून पैसा उभा करण्याचा जो मोठा मार्ग होता तो, राहत्या घराच्या वापरावरचा कर, मॅक्रॉन यांच्या काळात टप्प्याटप्प्यानं रद्द झाला, आणि गावाची तिजोरी सरकारी भरपाईवर जास्त विसंबू लागली. पाचशेच्या आतल्या गावच्या मेयरला महिन्याला हजार युरोंच्या आसपास मानधन मिळतं, त्यात कचऱ्यापासून कुत्र्यांपर्यंत सगळं पाहायचं. वर अंगावर येणारी माणसं. 2023 च्या दंगलीत पॅरिसजवळच्या लाय-ले-रोझचे मेयर व्हिन्सेंट जाँब्रँ यांच्या घरावर रात्री गाडी घातली गेली. आत पत्नी आणि लहान मुलं होती, आणि पळताना पत्नी जखमी झाली. पुढच्याच वर्षी जाँब्रँ खासदार झाले आणि मेयरपद सोडलं.

आता ये-जा दोन्ही दिशांना चालते. लुई अलियो 2017 मध्ये खासदार झाले आणि 2020 मध्ये पेर्पिन्याँ शहर जिंकल्यावर संसद सोडून नगरपालिकेत गेले. त्यांच्या 'नॅशनल रॅली' पक्षाचं कोडं वेगळंच आहे. संसदेत शंभरावर खासदार, पण देशभरात नगरपालिका मोजक्याच. झाड वरून लावायला घेतलंय आणि मुळं नंतर फुटतील अशी आशा आहे. लियोंचे जेरार कोलोंब यांची तऱ्हा आणखी निराळी. 2017 मध्ये गृहमंत्री व्हायला त्यांनी मेयरपद सोडलं, खुर्ची विश्वासातल्या माणसाकडे ठेवायला दिली, आणि दीड वर्षानं मंत्रिपद टाकून परत येऊन ती मागून घेतली. पट्टा सुटला होता, पण सवय सुटली नव्हती. 2020 मध्ये लियोंकरांनी शहर हिरव्या पक्षाच्या हाती दिलं तेव्हा तो हिशेबही मिटला. त्याच वर्षी पंतप्रधान झालेले जाँ कास्तेक्स प्राद नावाच्या सहा हजार वस्तीच्या गावचे मेयर होते आणि संसदेची पायरी कधीच चढले नव्हते. मधला मजलाच गाळून ते थेट गच्चीवर पोचले.

मंत्र्यांना मेयरपद सोडण्याची कायद्याची अट लागू नाही, आणि त्यातून डिसेंबर 2024 चा तो प्रसंग घडला. फ्रांस्वा बायरू 13 तारखेला पंतप्रधान झाले. ते पिरेनीजच्या पायथ्याच्या पो शहराचे 2014 पासून मेयर होते. 14 तारखेला हिंद महासागरातल्या मायोत या फ्रेंच बेटांवर चिदो वादळ आदळलं. घरांचे पत्रे उडाले, वस्त्या सपाट झाल्या. 16 तारखेला संकटाची बैठक पॅरिसला भरली, आणि पंतप्रधान सरकारी विमानानं पोला गेले, कारण त्या संध्याकाळी नगरपालिकेची सभा होती. बैठकीत ते पडद्यावरून सहभागी झाले. गदारोळ उठला. बायरू मागे हटले नाहीत. खासदारांना मेयरपद पुन्हा ठेवू द्यावं, असंच त्यांनी वर सुचवलं. सेनेटनं लहान गावांपुरतं तसं विधेयक 2021 मध्ये मंजूरही केलं होतं, ते पुढे सरकलं नाही.

8 सप्टेंबर 2025 रोजी नॅशनल असेंब्लीनं बायरू यांच्या सरकारवरचा विश्वासाचा ठराव 364 विरुद्ध 194 मतांनी फेटाळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. पंतप्रधानांच्या कचेरीतून सामान हलवायला त्यांना फार वेळ लागला नसावा. पोच्या नगरपालिकेतली खोली त्यांनी रिकामी केलीच नव्हती.